माहीमच्या तेहतीस हजार मतदारांची दुसरी पसंती

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत माहीम मतदारसंघात उद्धव ठाकरेंच्या पक्षाचे महेश सावंत यांना ५०,२१३ मतं मिळाली, शिंदेंच्या शिवसेनेचे सदा सरवणकर यांना ४८,८९७ आणि मनसेचे अमित ठाकरे यांना ३३,०६२. सावंत १,३१६ मतांनी निवडून आले. नियमाप्रमाणे निकाल चोख आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण या तिघांच्याच मतांची बेरीज केली तरी विजेत्याचा वाटा ३८ टक्के भरतो. मनसेला मत देणाऱ्या तेहतीस हजार लोकांची दुसरी पसंती कोण होती? सावंत की सरवणकर? निकालानंतर शिवाजी पार्कच्या कट्ट्यापासून प्रभादेवीच्या गल्ल्यांपर्यंत ज्याने त्याने या प्रश्नाचं आपल्या सोयीचं उत्तर दिलं. कायद्याने मात्र हा प्रश्न मतदाराला विचारलाच नव्हता.

मतदानाआधीचे आठवडे आठवा. सरवणकर अर्ज मागे घेणार का, कोण कोणाला पाठिंबा देणार, कोणाच्या उभं राहण्याने कोण पडणार, यापलीकडे चर्चा जात नव्हती. दादर-माहीमच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास, पार्किंग, फुटपाथ हे विषय मागे पडले. मुंबईत प्रचाराला फिरणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा, दारात हमखास ऐकू येणारं वाक्य तो सांगेल : 'माणूस चांगला आहे हो, पण तो येणार नाही. मग मत कशाला फुकट घालवायचं?' कोणते पक्ष या शहरात टिकतात, कोणते विरतात आणि कोणते दुसऱ्याच्या वळचणीला जातात, हे या एका वाक्यावर ठरत आलेलं आहे.

मोरिस दुव्हेर्जे या फ्रेंच अभ्यासकाने १९५१ मध्ये राजकीय पक्षांवरच्या आपल्या ग्रंथात हेच मांडलं. एका मतदारसंघातून एकच उमेदवार निवडायचा आणि सर्वाधिक मतं मिळवणारा विजयी, असा नियम असेल तर स्पर्धा दोन पक्षांकडे झुकते. त्याची कारणं दोन. पहिलं हिशेबाचं : तिसऱ्या पक्षाची मतं जागांमध्ये उतरतच नाहीत. दुसरं मनाचं : हे एकदा लक्षात आलं की मतदार, देणगीदार, कार्यकर्ता आणि शेवटी उमेदवारही तिसऱ्याला सोडतो. जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या तर हा रेटा सैल होतो. गॅरी कॉक्स या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने पुढे हे जास्त नेमकं केलं. मतदाराला एकच मत असेल, तर मतदारसंघात जितक्या जागा, त्याहून साधारण एक जास्त इतकेच गंभीर दावेदार टिकतात. एक जागा असेल तर दोन, चार असतील तर पाच.

मग आपल्याकडे एवढे पक्ष कसे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मतदारसंघाच्या पातळीवर पाहिलं की मिळतं. देशात डझनावारी पक्ष आहेत, पण एकेका मतदारसंघात खरी लढत बहुतेक वेळा दोघांत, फार तर तिघांत असते. ते दोघे प्रत्येक राज्यात वेगळे असल्यामुळे दिल्लीत गर्दी दिसते. आणि जिथे तिसरा जोरात उतरतो तिथे काय होतं, ते मुंबईने २००९ मध्ये पाहिलं. मनसे पहिल्यांदाच लोकसभा लढली आणि शहरातल्या सहाही जागा काँग्रेस-राष्ट्रवादीने जिंकल्या. ईशान्य मुंबईत राष्ट्रवादीचे संजय दिना पाटील भाजपच्या किरीट सोमय्यांच्या पुढे राहिले ते फक्त २,९३३ मतांनी. तिथे मनसेच्या शिशिर शिंदे यांना पावणेदोन लाखांहून जास्त मतं पडली होती. त्या दिवसापासून मनसेच्या प्रत्येक मतदाराला 'तुझ्यामुळे ते आले' हे ऐकावं लागलं. आपल्या पसंतीच्या पक्षाला मत दिल्याबद्दल नागरिकाला अपराधी वाटावं, हा लोकशाहीतला मोठा अन्याय आहे आणि आपण तो अंगवळणी पाडून घेतला आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये दोन ठाकरे बंधू एकत्र आले, त्याकडे घराण्यातला दिलजमाईचा क्षण म्हणून पाहिलं गेलं. भावना खऱ्या असतील. पण त्यामागे एका जागेच्या प्रभागाचं गणितही होतं. जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेच्या २२७ जागांपैकी भाजपला ८९, उद्धव ठाकरेंच्या पक्षाला ६५, शिंदेंच्या शिवसेनेला २९, काँग्रेसला २४ आणि मनसेला ६ जागा मिळाल्या. जागावाटपात मनसेला जेवढे प्रभाग सुटले तेवढ्याच प्रभागांत मतदान यंत्रावर इंजिन दिसलं. उरलेल्या प्रभागांतल्या मनसेच्या मतदाराचा निर्णय त्याच्या वतीने कुठल्या तरी बंगल्यावरच्या बैठकीत आधीच झाला होता. २०२४ च्या विधानसभेत काँग्रेसच्या मतदाराचंही तेच झालं. मुंबईतल्या ३६ पैकी बहुतेक मतदारसंघांत 'हात' यंत्रावर नव्हताच. युती-आघाडी करणं वाईट नाही. निवडणुकीनंतर, लोकांनी दिलेलं बळ पाहून ती करावी. आपल्याकडे नियमच असा आहे की ती आधी करावी लागते आणि तिची किंमत मतदाराच्या निवडीतून वसूल होते.

या नियमाचा सर्वांत क्रूर फटका कोणाला बसला असेल, तर तो रिपब्लिकन राजकारणाला. आंबेडकरी मतदार चेंबूर, घाटकोपर, वरळी, नायगाव, कुर्ला, विक्रोळी असा शहरभर आणि पुढे राज्यभर विखुरलेला आहे. एका जागेच्या निवडणुकीत विखुरलेली दहा टक्के मतं म्हणजे शून्य. तीच मतं एका कोपऱ्यात एकवटलेली असतील तर जागा हमखास. मानखुर्द-शिवाजीनगरमध्ये समाजवादी पक्ष वर्षानुवर्षं टिकला, त्यात या एकवटलेपणाचा वाटा मोठा आहे. १९९८ मध्ये रिपब्लिकन नेते एक झाले, काँग्रेसशी समझोता झाला आणि प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे हे चौघेही खुल्या मतदारसंघांतून लोकसभेत गेले. आठवले तर मुंबई उत्तर मध्यमधून. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीने दोन्ही मोठ्या आघाड्यांना नकार देऊन निवडणूक लढवली. राज्यात सुमारे सात टक्के मतं मिळाली, पण तिच्या स्वतःच्या उमेदवारांपैकी एकही खासदार झाला नाही. वर 'बी टीम' हा शिक्का बसला.

या दोन निकालांकडे पाहून 'रिपब्लिकन नेते एकत्र राहत नाहीत' असं म्हणण्याची पद्धत आहे. नेत्यांचे दोष आहेतच, मी ते झाकत नाही. पण स्वतंत्र राहिलं तर शून्य आणि मोठ्या पक्षाचा हात धरला तर चार, असा नियम असेल, तर प्रत्येक निवडणुकीत कोणाचा हात धरायचा यावरून गट पडणारच. फुटीचं बीज नेत्याच्या स्वभावात जितकं आहे तितकंच मतमोजणीच्या रीतीत आहे.

आणि ही रीत मुंबईत पहिल्यापासून अशीच होती असं नाही. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबई इलाख्यात एकाहून अधिक जागांचे मतदारसंघ होते. जितक्या जागा तितकी मतं मतदाराला मिळत आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. म्हणजे संख्येने कमी असलेला गट आपली मतं एका माणसामागे उभी करून त्याला निवडून आणू शकत होता. भायखळा-परळच्या मतदारसंघातून डॉ. आंबेडकर उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्यासमोर चर्मकार समाजातून आलेले थोर क्रिकेटपटू बाळू पालवणकर यांना उतरवलं. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, पालवणकरांना ११,२२५. आंबेडकरांच्या जेमतेम सहा महिन्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने इलाख्यात सतरा उमेदवार उभे केले होते आणि त्यांतले बहुतेक निवडून आले. काँग्रेसची लाट असताना नवा पक्ष एवढा तग धरू शकला, यात आंबेडकरांच्या कामाचं श्रेय मोठं आहेच, पण त्या कामाला जागांमध्ये उतरू देणारी मतपद्धतही होती.

१९५२ मध्ये मतदारसंघ पुन्हा दोन जागांचा होता, पण नियम बदलला होता. मतं दोन, आणि एका उमेदवाराला एकच. उत्तर मुंबईत आंबेडकरांना १,२३,५७६ मतं मिळाली, काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७. बाद मतांचा आकडा ७४ हजारांच्या वर गेला. मतं कुजवण्याचा, म्हणजे मुद्दाम वाया घालवण्याचा प्रचार झाल्याची तक्रार आंबेडकर आणि समाजवादी नेते अशोक मेहता यांनी निवडणूक याचिकेतून केली. शहर तेच आणि उमेदवारही तोच, घटनेचा शिल्पकार म्हणून तर आता त्यांची कीर्ती वाढलेली. नियमातली एक ओळ वेगळी असती तर निकालही वेगळा लागला असता, असं छातीठोक कोणी सांगू शकणार नाही, कारण काँग्रेसचा जोर प्रचंड होता. पण अल्पसंख्य मतदाराच्या हातातलं एक साधन त्या ओळीने काढून घेतलं, एवढं निश्चित. १९६१ च्या कायद्याने दोन जागांचे मतदारसंघही संपले.

आता माझं म्हणणं. मुंबई महापालिकेत एका जागेचे २२७ प्रभाग ठेवण्याऐवजी चार जागांचे ५७ च्या आसपास प्रभाग करावेत. मतदाराला एकच मत असावं आणि ते पसंतीक्रमाने द्यावं : पहिली पसंती, दुसरी, तिसरी. चार जागांसाठी वैध मतांच्या पाचव्या हिश्श्याहून एक मत जास्त हा कोटा. एक लाख वैध मतं असतील तर २०,००१. ज्याने कोटा गाठला तो निवडून आला, त्याची जादा मतं पुढच्या पसंतीला. सर्वांत मागे असलेला बाद, त्याची मतंही पुढच्या पसंतीला. मत फुकट जाण्याची धास्ती जवळजवळ संपते. मनसेला पहिली पसंती देणारा दुसरी शिंदेंना देईल, उद्धवना देईल किंवा भाजपला, ते त्याचं तो ठरवील. जागावाटपाच्या बैठकीत त्याच्या वतीने ते कोणी ठरवणार नाही.

इथे सावध करायला हवं, कारण 'चार सदस्यांचा प्रभाग' म्हटलं की पुणे, नाशिक, ठाण्याचे लोक कपाळाला हात लावतील आणि ते योग्यच आहे. तिथल्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार वेगळ्या जागा असतात, मतदार चार वेगळी मतं देतो आणि प्रत्येक जागेवर सर्वाधिक मतवाला जिंकतो. एकाच प्रभागात एका जागेच्याच चार निवडणुका. ज्या पक्षाची हवा असते त्याचं पॅनेलच्या पॅनेल निवडून येतं, लहान पक्ष आणि अपक्ष चिरडले जातात, आणि नाल्यातला गाळ कोणी काढायचा हे विचारायला गेलं तर चौघे एकमेकांकडे बोट दाखवतात. ही पद्धत राज्यात कधी दोन, कधी तीन, कधी चार सदस्यांची अशी सत्तेवर असलेल्यांच्या सोयीने बदलत आली. मुंबईत ती तशीच आणू नये, जोरात विरोध करावा. प्रभाग मोठा करण्याचा फायदा मिळतो तो मत एकच असेल आणि मोजणी प्रमाणशीर असेल तेव्हाच.

पसंतीक्रम लोकांना झेपणार नाही, ही शंका मुंबईत तरी टिकत नाही. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघातली विधान परिषदेची निवडणूक याच पद्धतीने होते. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केच पेननेच उमेदवारांच्या नावांसमोर १, २, ३ लिहायचं असतं आणि हजारो मुंबईकर ते करतात. राज्यसभा, विधान परिषद, राष्ट्रपती यांच्या निवडणुका राज्यघटनेनेच या पद्धतीवर बेतल्या आहेत. म्हणजे आमदार-खासदारांच्या दुसऱ्या पसंतीला किंमत आहे, पदवीधराच्या आहे. धारावीत चामड्याचं काम करणाऱ्याच्या किंवा गोवंडीत कचरा वेचणाऱ्या बाईच्या दुसऱ्या पसंतीला नाही. हा भेद मला पटत नाही. महापालिकेच्या सभागृहातसुद्धा स्थायी समितीच्या जागा पक्षांच्या तौलनिक संख्याबळावर वाटल्या जातात. प्रमाणाचं तत्त्व नगरसेवकांना आपापसात मान्य आहे, फक्त नागरिकांच्या बाबतीत ते दारातच थांबतं.

गंभीर आक्षेप दुसरा आहे आणि तो खुद्द आंबेडकरांचा आहे. ४ जानेवारी १९४९ रोजी संविधान सभेत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती चर्चेला आली तेव्हा त्यांनी ती फेटाळली. देशातली साक्षरता कमी आहे आणि संसदीय सरकारला स्थिर बहुमत लागतं, विधिमंडळ तुकड्या-तुकड्यांत विभागलं गेलं तर सरकार टिकणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. साक्षरतेचा मुद्दा काळाने मागे टाकला. स्थैर्याचा मुद्दा लोकसभेसाठी आजही वजनदार आहे, म्हणूनच मी इथे लोकसभेबद्दल बोलत नाही.

पण मुंबई महापालिकेत सरकार नसतं. १८८८ च्या कायद्याने कारभाराचे अधिकार आयुक्ताकडे आहेत. महापौर पडला म्हणून पाणीपुरवठा थांबत नाही. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं प्रशासकाने एकही नगरसेवक नसताना शहर चालवलं. हजारो कोटींचे रस्त्यांचे ठेके निघाले आणि त्यांवर सभागृहात प्रश्न विचारायला कोणी नव्हतं. या सभागृहाचं काम अंदाजपत्रक तपासणं, आयुक्ताला जाब विचारणं आणि शहरातल्या प्रत्येक वस्तीचं म्हणणं आत पोचवणं. अशा सभागृहाला भक्कम बहुमताची गरज कमी आणि खऱ्या प्रतिनिधित्वाची गरज जास्त आहे. एकाच पक्षाचं किंवा एकाच घट्ट युतीचं बहुमत असलं की स्थायी समितीत कोणाला प्रश्न विचारू द्यायचा हेही तोच ठरवतो, हे मुंबईने अनेकदा पाहिलं आहे.

पक्षांचा सुळसुळाट होईल, ही भीतीही गणितात बसत नाही. चार जागांच्या प्रभागात, पुढच्या पसंतीच्या मतांसह का होईना, वीस टक्क्यांच्या आसपास जावंच लागतं. चार-पाच पक्ष टिकतील, पन्नास नाही. इस्रायलमध्ये सबंध देश हाच १२० जागांचा एक मतदारसंघ आहे, म्हणून तिथे गर्दी होते. आयर्लंडमध्ये तीन ते पाच जागांचे मतदारसंघ आहेत आणि १९२२ पासून ही पद्धत चालू आहे. ती काढून टाकावी म्हणून तिथल्या सरकारने १९५९ आणि १९६८ मध्ये जनमत घेतलं, लोकांनी दोन्ही वेळा नकार दिला. आपल्याला जास्त जवळचं उदाहरण स्कॉटलंडचं आहे, कारण तिथे शहरांच्याच सभागृहांसाठी हा बदल झाला. २००३ मध्ये ग्लासगोत ७९ पैकी ७१ नगरसेवक एकट्या मजूर पक्षाचे होते. २००७ मध्ये तीन-चार जागांचे प्रभाग आणि पसंतीक्रम आला आणि हा आकडा ४५ वर आला. बहुमत राहिलंच, पण समोर बोलणारा विरोधी पक्ष तयार झाला.

अडचणी नाहीत असं नाही. सध्या प्रभागात साधारण पंचावन्न हजार लोकसंख्या येते, ती दोन लाख वीस हजारांच्या आसपास जाईल. पायी फिरून प्रचार करणाऱ्या, खिशात पैसा नसलेल्या उमेदवाराला हे जड जाईल आणि ही गोष्ट मला खरोखर छळते. दिलासा एवढाच की त्याला सगळा प्रभाग जिंकायचा नसतो. एका वस्तीचा भक्कम पाठिंबा आणि शेजारच्या वस्तीची दुसरी पसंती पुरते. मोजणीला वेळ लागेल, मतपत्रिका कागदाची लागेल. एकाच पक्षाचे दोन उमेदवार एकमेकांची पाडापाडी करतील. आरक्षणाचा प्रश्न मात्र उलट सुटसुटीत होतो. आज प्रत्येक निवडणुकीआधी सोडत निघते, पाच वर्षं काम केलेल्या नगरसेविकेचा प्रभाग दुसऱ्या प्रवर्गात जातो, पुरुषाचा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला की त्याची पत्नी उभी राहते. चार जागांच्या प्रत्येक प्रभागात दोन महिला कायम, असा नियम केला तर महिलांसाठीची सोडत लागणारच नाही. अनुसूचित जातींच्या जागेसाठी १९३७ चा दाखला आहेच : त्या मतदारसंघातल्या राखीव उमेदवारांपैकी सर्वाधिक मतवाल्याला ती जागा मिळत असे.

२०१७ च्या महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांना प्रत्येकी ५,९४६ मतं पडली. चिठ्ठी काढली गेली आणि शहा नगरसेवक झाले. गिरगावातल्या ५,९४६ लोकांना प्रतिनिधी मिळाला आणि तितक्याच लोकांना मिळाला नाही. चिठ्ठीचा निकाल दुर्मीळ म्हणून त्याची बातमी झाली. पण शे-दोनशे मतांनी हरलेल्या उमेदवाराच्या मतदारांची अवस्था प्रत्येक निवडणुकीत, शेकडो प्रभागांत तीच असते आणि तिची बातमी होत नाही.

यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. महापालिका निवडणुकांचा कायदा करण्याचा अधिकार घटनेने राज्याच्या विधिमंडळाला दिलेला आहे. महाविकास आघाडीच्या सरकारने २०२१ मध्ये प्रभागांची संख्या २२७ वरून २३६ केली, शिंदे सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये ती पुन्हा २२७ वर आणली. दोन्ही वेळा कायदा काही दिवसांत बदलला, कारण बदलणाऱ्यांना त्यात आपला फायदा दिसत होता. पुढची निवडणूक २०३१ च्या सुमारास येईल. प्रभागरचनेचं काम सुरू होण्याआधी, म्हणजे येत्या दोन-तीन वर्षांतच, प्रत्येक पक्षाच्या मुंबईतल्या आमदाराला हा प्रश्न लेखी विचारायला हवा : दुसऱ्या पसंतीचा हक्क तुम्ही विधान भवनात स्वतः बजावता, तो आम्हाला देणारं विधेयक कधी मांडणार? सुरुवात त्यांनी करावी ज्यांना सध्याच्या नियमाने सर्वांत जास्त नाडलं आहे : मनसेने, वंचितने, रिपब्लिकन गटांनी, डाव्यांनी, आणि मुंबईत दिवसेंदिवस आकसत चाललेल्या काँग्रेसनेही.